नाकात गाणारी घंटा

तेव्हा मी अकरा वर्षांचा.
लुसोरिओ मास्तरांच्या भट्टीवर भाता ओढायचो.
सार्डिनियाच्या पोटातल्या आमच्या डोंगरात
मेंढ्या कानांनी ओळखतात.
धुक्यात डोळे काय कामाचे?

सिदोरा आली डिसेंबरात.
पायांत पुरुषी बूट, आत वर्तमानपत्राचे बोळे.
म्हणाली, काम.
मास्तर म्हणाले, बायका हातोडा धरत नाहीत.
तिनं हातोडा धरला.
एवढंच झालं बोलणं.

नऊ वर्षं मी तिच्या शेजारी उभा राहिलो
आणि मला ठाऊक होतं ते गावालाही ठाऊक होतं:
बाप ओढ्याकाठी सापडला, तोंड पाण्यात.
त्याच रात्री एकशे चाळीस मेंढ्या डोंगर उतरून गेल्या
गळ्यातल्या घंटांत गवत कोंबलेलं.
कागदावर लिहिलं, पाय घसरला.
आईनं खाट धरली ती धरलीच,
अंगात म्हणाल तर काही दुखणं नाही.
भावाचं जेनोव्हाहून एक पत्र. मग तेही नाही.

ती जेवायची पाठ भिंतीला लावून.
पापडासारखी कडक भाकरी अर्धी मोडायची,
अर्धी एप्रनच्या खिशात, आईला.
अठराव्या वर्षी धीर करून मी तिला बदाम दिले.
तिनं मोजले. अकरा.
दुसऱ्या दिवशी ऐरणीवर अकरा अक्रोड.
कुणाचं देणं ठेवायची नाही ती.
कुणाचंच.

मग एका सकाळी बाकिस आला,
चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारा बाकिस,
चिरलेली घंटा घेऊन.
बद्द वाजते म्हणाला, बघा जरा.
सिदोरानं घंटा फिरवली
आणि तिचं बोट एका जागी थांबलं.

पाच वर्षांची असताना
तिच्या हातून जिन्यावरून पडली होती घंटा.
पोचा आला. बाप रागावला नाही, हसला:
आता ही नाकात गाईल, सर्दी झाल्यासारखी.
(हे तिनं मला सांगितलं फार पुढे, एकदाच.)
कुणीतरी तो पोचा आतून ठोकून काढू पाहिला होता
अडाणी हातानं.

चिमटा लाल होता.
बाकिसची मान हाताच्या अंतरावर.
माझा भाता थांबला.
ओढ, ती म्हणाली.
आणि त्याला म्हणाली, गुरुवारी न्या.

रात्रभर ठोका, कान, ठोका, कान.
पहाटे घंटा नाकात गायली.
वरच्या खोलीतून मास्तर अनवाणी खाली आले,
त्यांचीच होती ना घडण,
बघितलं, काही न बोलता परत वर गेले.
गुरुवारी तिनं मजुरी घेतली. मोजून.

त्या संध्याकाळी कळप गावात उतरला.
पहिली खिडकी अंतिओकाची उघडली,
हात कणकेचे तसेच.
मग समोरची. मग पाद्र्याची.
गुत्त्यात पत्ते पालथे पडले.
बाकिस आपला टोपी सारखी करत चालला होता,
मग चाल मंदावली,
मग तो खिडक्या मोजू लागला.
सिदोरा भट्टीच्या दारात, हाताची घडी.
ओठाच्या कडेला काहीतरी हललं तिच्या.
मी शपथेवर सांगतो, हसूच होतं.

तेवढ्यात वरच्या आळीत बिजागरी करकरली.

तिची आई.
रात्रीचा झगा, उघडे पाय, हातात न पेटवलेला कंदील,
कोंडवाड्याचं फाटक सताड उघडं धरून.
किती उशीर केलास, गाविनो.

सिदोराच्या हातांची घडी सुटली.
हे तिनं धरलंच नव्हतं हिशेबात.

मेंढ्यांना काय, उघडं फाटक दिसलं की शिरतात.
शिरल्या.
बाकिसच्या तोंडून शब्द फुटला नाही.
म्हातारी मोजत होती, प्रत्येक पाठीला हात लावून,
एक, दोन, तीन.
नव्वदला मेंढ्या संपल्या.
ती थांबली नाही.
रिकाम्या हवेवर हात ठेवत, एक्याण्णव,
ब्याण्णव.

सिदोरा चढ चढून गेली, आईशेजारी उभी राहिली
आणि तिच्याबरोबर मोजू लागली,
मोठ्यानं, एकशे चाळीसपर्यंत.

इतका वेळ बोलताना
मी तिला कधी ऐकलं नव्हतं.